लाल क्रेटमधला मुलूख

खंडेनवमीच्या दिवशी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्या कटरला हळदकुंकू लावलं, स्टीलच्या पट्टीला झेंडूचं फूल वाहिलं, ग्लू गन पुसून पाटावर मांडली. आणि याच हत्यारांनी गेल्या सात वर्षांत मी जे काही बनवलं होतं, ते सगळं सकाळी अकराच्या सुमाराला भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवलं. हे सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. हसू दे. मला त्यात आजही हसण्यासारखं काही दिसत नाही.

मी काय बनवते ते आधी सांगते, कारण ते न कळल्यामुळेच हे सगळं झालं. टेबलावर लढाया खेळणारे लोक असतात. सहा फूट बाय चार फुटांचं टेबल, त्यावर अंगठ्याएवढे शिपाई, हातात फासे आणि मोजायला टेप. शिपाई किती इंच चालला, कुणाच्या माऱ्यात आला, कुणाच्या आड लपला, यावर डाव ठरतो. आड लपायचं तर आड काहीतरी पाहिजे. डोंगर, खिंड, पडकी भिंत, झाडी, नाला. मी ज्या ग्रुपबरोबर खेळते तिथले लोक त्याला टेरेन म्हणतात. मी मुलूख म्हणते. मी मुलूख बनवते, आणि तो घरातल्या कचऱ्यातून बनवते.

अंड्यांचे ट्रे भिजवून लगदा केला की त्याचा कातळ होतो. शिळा चहाचा चोथा धुऊन वाळवला की माती. नारळाच्या शेंडीचं गवत. खराट्याच्या काड्यांचं कुंपण. औषधाच्या गोळ्या संपलेली पाकिटं उलटी लावली की कौलारू छप्पर दिसतं, आणि खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलला की आत एमआयडीसीतल्या शेडचा पत्रा हजर. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल हा माझा सह्याद्री. शेजारीपाजारी कुणी टीव्ही घेतला की त्यांच्याआधी आनंद मला व्हायचा. कंपनीतून मात्र मी एक चिंधीसुद्धा बाहेर आणलेली नाही. गेटपासशिवाय काही आणायचं नसतं आणि मी ते आणत नाही.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. चौदा वर्षं झाली. त्यामुळे माझ्या मुलखालाही माप आहे. प्रत्येक तुकडा एक फूट बाय एक फूट, आणि चारही कडांची उंची पंचवीस मिलिमीटर. मग कुठलीही कड कुठल्याही कडेला लावा, जुळणारच. आज खिंड डावीकडे, पुढच्या वेळी उजवीकडे. तुकडा पाठमोरा फिरवला की कातळाच्या जागी पडका कारखाना. बुरुजाची टोपी काढून पत्रा ठेवला की पाण्याची टाकी. चोवीस तुकड्यांत मी किती वेगवेगळे प्रदेश मांडू शकत होते ते मी मोजलंही नव्हतं, कारण संपतच नसत. सात वर्षं. दर गुरुवारी. आमच्याकडची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची.

चिंचवडच्या जुन्या कामगार वसाहतीत आमचं दोन खोल्यांचं घर आहे. आई जाऊन सहा वर्षं झाली, घरात अण्णा आणि मी. अण्णा सातारा जिल्ह्यातल्या माणदेशातून विशीत पिंपरीला आले आणि टूलरूममध्ये, म्हणजे कंपनीचे साचे आणि हत्यारं बनतात तिथं, फिटर म्हणून रिटायर झाले. त्यांच्या हातची, फाईल म्हणजे कानस मारलेली कड अजून त्यांच्या जुन्या कंपनीत दाखवतात, असं त्यांचे दोस्त सांगतात. आणि हा माणूस, ज्याला केसाएवढी फट उजेडात धरून दिसायची, तो सात वर्षं माझ्या शेजारी पेपर वाचत बसला आणि त्यानं एकदाही मान वळवून बघितलं नाही की पोरगी काय कापते आहे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "हाय तिचं कायतरी कागदाचं." कागदाचं कायतरी! लोक माझ्या लग्नाबद्दल बोलले, पगाराबद्दल बोलले, मला फारसं लागलं नाही. हे लागायचं. माझं मागणं एवढंच होतं की हे काम आहे, हे घरातल्या एका माणसानं, ज्याला काम कळतं त्यानं, एकदा डोळ्यांनी बघावं.

बाहेरही काही वेगळं नव्हतं. आमचा ग्रुप पिंपळे सौदागरच्या एका मोठ्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये दर महिन्याच्या एका रविवारी जमतो. हिंजवडीत कामाला असलेली मुलं, सगळी सभ्य, सगळी हुशार. त्यांची सुट्टी रविवारची, म्हणजे मला दर वेळी रजा टाकावी लागते. त्यांचे शिपाई परदेशातून येतात आणि डोंगर थ्रीडी प्रिंटरमधून निघतात. दोन वर्षं मी तिथं जात होते, आणि दोन वर्षं "ताई, जरा टेपचं टोक धरता का?" टेबल कुणाचं मांडायचं ते ग्रुपचा म्होरक्या ठरवतो, कारण टेबलावर अंथरायची चटई त्याची आणि डोंगरही त्याचे. एकदा मीच विचारलं, माझा मुलूख आणू का? त्यानं माझ्या मोबाईलवरचे फोटो भराभर सरकवले आणि म्हणाला, "वेस्टमधून केलंय? क्यूट आहे." तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. पण मी दात आवळून तारीख मागितली. मिळाली. दसऱ्यानंतरचा रविवार.

म्हणून मी सगळे तुकडे माळ्यावरून, पलंगाखालून काढले, एकेक कड मोजली, रंग उडाला होता तिथं रंग दिला, आणि नेता यावेत म्हणून तीन क्रेटमध्ये भरून गॅलरीत ठेवले. क्रेट मी चाकण रोडला जुन्या मालाच्या दुकानातून घेतले होते. एकाच मापाचे तीन पाहिजेत म्हटल्यावर त्याच्याकडे लाल तेवढे होते. मी घेतले.

आता कारखान्यात काम करणाऱ्या कुणालाही विचारा, लाल क्रेट म्हणजे काय? हिरव्यात पास झालेला माल, पिवळ्यात दुरुस्तीचा, लाल म्हणजे रिजेक्शन. लालमध्ये गेलं की त्याला स्क्रॅप यार्डाकडे ढकलायलाच हात लावायचा. चौदा वर्षं मी स्वतःच्या हातानं लाल क्रेटमध्ये माल टाकत आले आहे. आणि घरी येऊन स्वतःचा सगळ्यात चांगला माल मी लाल क्रेटमध्ये भरला, आणि अशा माणसाच्या नजरेसमोर ठेवला ज्यानं पस्तीस वर्षं टूलरूममध्ये काढली. चूक माझी होती असं पुढं मला पुष्कळांनी समजावलं. मला ते ऐकायचं नव्हतं.

खंडेनवमीला कंपनीत आमचीही पूजा होती. मशिनं धुतली, मापाचे गेज पुसून टेबलावर मांडले, फुलं वाहिली, पेढ्याचा एकेक पुडा दिला आणि दुपारी लवकर सोडलं. भोसरीच्या ट्रॅफिकमधून बस कशीबशी आली. मी दार उघडलं तर घर लख्ख. फरशी ओली, दाराला तोरण, आणि बाहेरच्या खोलीत पाटावर हत्यारं. अण्णांच्या फाईली, व्हर्निअर, हातोडी. शेजारी स्वयंपाकघरातली विळी आणि सुरी. आणि त्यांच्या रांगेत माझा कटर, माझी पट्टी, माझी ग्लू गन, माझे ब्रश. एका क्षणासाठी मला खरंच भरून आलं. माझी हत्यारं अण्णांच्या हत्यारांच्या रांगेत! मग माझी नजर गॅलरीत गेली.

"अण्णा, क्रेट कुठंयत?"

"दिलं की. भंगारवाला आलावता."

"दिले म्हणजे?"

"लाल व्हतं. रिजेक्शन." मग मलाच समजावल्यासारखं म्हणाले, "खंडेनवमीला रिजेक्शन शॉपमधी ठेवत न्हाईत. तुला ठाव हाय की."

मी काय काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला एवढं खरं, कारण खालच्या काकू वर आल्या आणि दारातूनच परत गेल्या. शेवटी मी विचारलं, "उघडून तरी बघायचं होतंत! एकदा झाकण काढून बघायचं होतंत!" त्यावर अण्णांनी पाटावरचं घसरलेलं फूल नीट केलं. म्हणाले, "लालमधलं परत कोन तपासतंय? तपासनाऱ्यानंच टाकलंय न्हवं त्यात?"

मी तपासणारी. बरोबर होतं त्यांचं. याचाच जास्त संताप आला.

कपडेही न बदलता मी रिक्षा करून चिखलीच्या बाजूला गेले. तिथं पाडापाडीनंतर भंगाराची जी काही गोदामं उरली आहेत त्यांत विचारत विचारत तो हातगाडीवाला सापडला. त्यानं हातानंच आत दाखवलं. पत्र्याच्या शेडखाली एक बाई पाय पसरून बसली होती. पन्नाशीची, डोक्याला फडकं. तिच्या एका बाजूला थर्माकोलचा ढीग, दुसऱ्या बाजूला पुठ्ठा, पुढ्यात माझ्या बुरुजांना आणि टाक्यांना लावलेली बाटल्यांची झाकणं. प्रत्येक माल वेगळा. ज्या कामाला मला सात वर्षं लागली ते तिनं एका दुपारीत उलटं केलं होतं. तिच्या मांडीवर शेवटचा तुकडा होता, खिंडीचा. ती त्याच्या कातळात नखं घालून पुठ्ठा सोडवत होती.

"कोन मेल्यानं चिकटवलंय काय की," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "नखं गेली माझी. सुटंना झालंय."

"मी चिकटवलंय."

तिनं मान वर केली. माझ्या कंपनीच्या युनिफॉर्मकडे, गळ्यातल्या कार्डाकडे बघितलं.

"एवढं चांगलं केलतं, मग टाकलं कामून?"

वडिलांनी टाकलं म्हणावं तर या परक्या बाईसमोर त्यांना नावं ठेवणं जिभेवर येईना. मी टाकलं म्हणावं तर ते खोटं. तिच्याशी भांडण्यासारखंही काही नव्हतं. उलट आख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये माझं काम हातात धरून बघणारी ती पहिली होती, आणि ती ते तोडत होती. खिंडीचा तुकडा अर्धा गेलाच होता. "राहू द्या," म्हटलं. तिनं झाकणांची एक पिशवी भरून माझ्या हातात दिली. नको म्हणायचं भान मला राहिलं नाही.

घरी आले तेव्हा अण्णांनी विचारलं, "मिळालं?"

"मिळालं. सुटं सुटं," म्हटलं आणि पिशवी फरशीवर ओतली. झाकणं पार दारापर्यंत गडगडत गेली. अण्णा ती बघत राहिले. मला माफी पाहिजे होती. साधं 'चुकलं पोरी' एवढं म्हणायचं, त्याला काय लागतं? पण आमच्या घरात पुरुषांनी चुकलं म्हणायची पद्धत नाही. चहा ठेवायची आहे. त्यांनी चहा ठेवला. मी तो घेतला नाही.

रविवारला मध्ये तीन दिवस उरले होते. म्होरक्याला फोन करून रद्द करते असं सांगणं सोपं होतं. पण मला त्याचा आवाज आधीच ऐकू येत होता, "अहो ताई, टेन्शन नका घेऊ, माझा सेट आहे ना!" तो ऐकण्यापेक्षा मी हात मोडून घेतला असता. मी ठरवलं, चोवीस नाही तर बारा. बारा तुकड्यांत अर्धं टेबल होतं, मधोमध खिंड येते. मी उठले आणि पाटावरच्या कटरला हात घातला.

"आज न्हाई," अण्णा म्हणाले. "पुजा झालीया. आज हत्यार चालवायचं न्हाई. उद्या सकाळी उचलायचं."

म्हणजे माझं सगळं काम घालवलं, आणि आता नव्यानं करायचं तर हत्यारही द्यायचं नाही! मी त्यांच्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर घराबाहेर गेला असता. ते आपले भिंतीला टेकून शांत. आणि गंमत अशी की मी तो कटर उचलला नाही. एवढ्या संतापातही नाही उचलला. ती शिस्त माझ्याही अंगात आहे, त्यांनीच घातलेली आहे. घरातली धारेची प्रत्येक वस्तू पाटावर होती, विळीसुद्धा. हात तेवढे पाटावर नव्हते. मी कोपऱ्यावरच्या अंडेवाल्याकडून ट्रे मागून आणले, बादलीत भिजवले आणि नुसत्या हातांनी फाडायला बसले. कुस्करायला लगदा चांगला असतो. ज्याच्यावर राग आहे त्याचं नाव मनात घ्यायचं आणि कुस्करायचं. त्या संध्याकाळी माझा लगदा फार बारीक झाला.

दुसऱ्या दिवशी दसरा, आणि तोही नेमका गुरुवारी. म्हणजे साप्ताहिक सुट्टी सणात गेली, तिचा बदली दिवस काही कंपनी देत नाही. त्याचाही राग आला, रागाला त्या दिवशी जागा कमी नव्हती. पण दसऱ्याचा एक फायदा असतो, लोक खरेदी करतात. दुपारपर्यंत वसाहतीत दोन टीव्ही, एक फ्रीज आणि एक वॉशिंग मशीन आलं. मी आपट्याची पानं घेऊन प्रत्येकाच्या घरी गेले, सोनं दिलं, मोठ्यांच्या पाया पडले आणि थर्माकोल मागितला. कुणी हसलं, कुणी दिला. फ्रीजवाल्या काका-काकूंनी तर खोक्यासकट दिला, वर पेढा हातावर ठेवला. मी ते सगळं डोक्यावर घेऊन जिना चढत होते तेव्हा अण्णा वरून बघत होते.

त्या दिवशी, शुक्रवारी आणि शनिवारी पहिली शिफ्ट करून आल्यावर, मी कापत, चिकटवत, लिंपत राहिले. लगदा वाळेना. गच्चीवर ऊन नावाला होतं, म्हणून टेबलफॅन लावला, इस्त्री फिरवली. चोथा पुरेना तर वसाहतीच्या तोंडाशी असलेल्या चहाच्या टपरीवाल्याकडून डबाभर आणला. अण्णांशी मी कामापुरतंही बोलत नव्हते. भाजी वाढायची, ताट ठेवायचं, बस. ते पेपर वाचत बसायचे. पण शनिवारी संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की पेपर मी आल्यापासून त्याच पानावर आहे.

अकरा तुकडे झाले होते. बारावा, खिंडीचा मधला, मी नुकताच फरशीवर ठेवला होता. अण्णा उठले, गुडघ्यावर हात ठेवून खाली बसले, चष्मा लावला.

"ते शिपाई कुटं असतात तुझं?"

मी डब्याकडे बोट दाखवलं. त्यांनी एक शिपाई काढला. दोन बोटांत धरला, बूड तपासलं, आणि माझ्या डोंगराच्या उतारावर ठेवला. शिपाई घसरून पडला. पुन्हा ठेवला. पुन्हा पडला.

"हुबा ऱ्हात न्हाई," ते म्हणाले. "लढंल कसा?"

मग त्यांनी बोट कडेवरून फिरवलं, डोळे मिटून. "ही कड वर हाय. दोन मिलिमीटर."

मी पट्टी लावली. दोन मिलिमीटर.

आणि मग माझा बांध फुटला. मी म्हटलं, आज दिसली का कड? सात वर्षं याच फरशीवर बसले होते तेव्हा कुठं होता हा चष्मा? कागदाचं कायतरी म्हणून लोकांना सांगत होतात! बाहेरची सोडा, ती भंगारातली बाई सुद्धा म्हणाली चांगलं केलतं, तुम्हाला एकदा म्हणावंसं वाटलं नाही? हत्यारांना हळदकुंकू लावलंत, ती हत्यारं चालवते कोण? ती चालवून होतं काय, हे बघायला नको? मी रडत नव्हते, ओरडत होते. ते खाली बसलेलेच होते. त्यांनी ऐकून घेतलं, सगळं. मग ते फक्त म्हणाले, "पायऱ्या कर उताराला. शिपाई बसतील." आणि भिंतीला धरून उठले.

मी पायऱ्या केल्या. कड घासली. शिपाई बसले. त्यांचं बरोबर होतं म्हणून केल्या, त्यांनी सांगितलं म्हणून नाही, हे मी तेव्हा स्वतःला दोनदा बजावलं.

रविवारी सकाळी बारा तुकडे दोन खोक्यांत घालून मी रिक्षा बोलावली. दोन्ही खोकी एकटीला मांडीवर धरता येईनात. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते. "एक म्या धरतो," म्हणाले आणि माझ्या हो-नाहीची वाट न बघता रिक्षात बसले. पिंपळे सौदागरपर्यंत खड्डा आला की ते खोकं छातीशी धरत होते.

क्लबहाउसमध्ये म्होरक्यानं टेबलावर आपली चटई आधीच अंथरली होती. "ताई, बॅकअप म्हणून माझा सेट आणलाय हं," तो म्हणाला. मी त्याच्या सेटकडे बघितलंही नाही. खोकी उघडली आणि मांडायला घेतलं. एक, दोन, चार. कड कडेला लागत गेली. सहाव्या तुकड्याला गप्पा थांबल्या. बाराव्याला मधोमध खिंड उभी राहिली, पायऱ्यापायऱ्यांची, वर पडकं ठाणं, खाली चहाच्या मातीची वाट. पोरं टेबलाभोवती गोळा झाली. कुणी वाकून खिंडीतून पलीकडे बघितलं. एकानं शिपाई ठेवला, तो उभा राहिला.

"वेस्टमधून एवढं?" म्होरक्या म्हणाला. त्याचं वाईट वाटून घेऊ नये असा त्याचा स्वर होता, पण मला वाटलंच. वेस्टमधून एवढं! म्हणजे पैसे देऊन आणलं असतं तर यात काही नव्हतं! मी काही बोलणार तोच त्याचं लक्ष भिंतीशी खुर्चीवर बसलेल्या अण्णांकडे गेलं. टूलरूमचा माणूस दिसतोच, हातांवरून. "काका, तुम्ही शिकवलंत का यांना? हे फिनिशिंग तुमचं असणार."

मला माहीत होतं आता काय होणार. अण्णा हसणार, मान हलवणार, आणि हे श्रेयसुद्धा जाणार माझ्याकडून. माझ्या हातात टेप होता. तो मी इतका घट्ट धरला की कडेनं बोट कापलं.

अण्णा खुर्चीवरून उठले. साहेबांसमोर उठतात तसे, हात बाजूला.

"माझं काय न्हाई त्यात," ते म्हणाले. "हिनं सात वर्षं करून असं चोवीस नग तयार केलं व्हतं. म्या न बघता भंगारात दिलं. हे तिनं तीन दिसांत परत केलंय. चूक माझी व्हती."

म्होरक्यानं एकदा माझ्याकडे, एकदा टेबलाकडे बघितलं आणि आपला सेट मुकाट्यानं टेबलाखाली सरकवला.

आणि मला, देवाशपथ सांगते, मला अण्णांचा इतका राग आला जितका त्या रिकाम्या गॅलरीतही आला नव्हता. बुधवारी दुपारपासून हा माणूस माझ्यासमोर होता. आम्ही चार दिवस एका छताखाली होतो, एका पातेल्यातला भात खाल्ला. मी ओरडले, मी कुस्करलं, मी जिने चढले. तेव्हा हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नाही. निघालं ते दहा परक्या पोरांसमोर, कामाच्या जागी, माल समोर मांडलेला असताना. घरी एकट्या मुलीला ते म्हणणं त्यांना जमलं नसतं, कधीच जमलं नसतं, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं, आणि कळलं म्हणून राग काही कमी झाला नाही.

"ताई, पहिली चाल तुमची," कुणीतरी म्हणालं.

अण्णा खुर्ची ओढून टेबलाजवळ येऊन बसले, खिशातून चष्मा काढला आणि लावला. मी त्यांच्याकडे न बघता टेपचं एक टोक त्यांच्या पुढ्यात सरकवलं. "धरा," म्हटलं. त्यांनी धरलं.